पोरगं माजलेलं नाही, आजारी आहे



दोन वर्षांपूर्वीच्या जयंतीची गोष्ट. लातूरला अकरावीला असलेला, नांदेडच्या एका वस्तीतला सोळा वर्षांचा मुलगा सुट्टीत घरी आला आणि थेट आमच्यात दाखल झाला. रात्री दोन तास झोपायचा, तरी सकाळी ताजातवाना. बोलायला लागला की थांबायचा नाही. आईचे बचत गटाचे पैसे उचलून त्याने बॅनर छापले. आपण लवकरच सगळ्या मराठवाड्याचं नेतृत्व करणार, हे तो गंमतीने नव्हे तर अगदी खरं म्हणून सांगायचा. आणि आम्ही? आम्ही टाळ्या वाजवल्या. "असे कार्यकर्ते पाहिजेत," हे वाक्य माझंच.

जुलैत तोच मुलगा अंथरुणातून उठेना. क्लास सुटला, अंघोळ सुटली. एका डॉक्टरने नैराश्याची गोळी दिली, तेवढ्याने तो पुन्हा भडकला. मग नातेवाइकांनी भगताकडे नेलं. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या मनोविकारतज्ज्ञांनी विचारलं, "याआधी कधी झोप न घेता भलत्याच उत्साहात होता का?" उत्तर आमच्याकडे होतं. एप्रिलपासून होतं.

या आजाराला बायपोलर म्हणतात. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येतात. उन्मादाचा झटका आठवडा-आठवडा किंवा त्याहून जास्त टिकतो. खूण एकच लक्षात ठेवा: झोप कमी होते, पण थकवा येत नाही. त्यासोबत विचारांचा, बोलण्याचा वेग वाढतो, पैसे उधळले जातात, भलतं धाडस येतं आणि मूल त्याच्या नेहमीच्या स्वभावापेक्षा एकदम वेगळं दिसतं. पोरांमध्ये आनंदापेक्षा चिडचिडच जास्त दिसू शकते. घरात कुणाला हा आजार असेल तर शक्यता वाढते. सुरुवात बहुतेकदा किशोरवयाच्या शेवटी किंवा ऐन तारुण्यात होते. म्हणजे नेमकी ज्या वयात आपली पोरं 'लातूर पॅटर्न'साठी खोली घेऊन एकटी राहतात, रात्री जागतात, आणि ज्याला जागरण सोसत नाही त्याच्यासाठी तेच जागरण झटक्याचं निमित्त होतं.

याचा अर्थ प्रत्येक चिडकं पोर बायपोलर, असा नाही. अमेरिकेत 1990 नंतर लहान मुलांवर हा शिक्का इतका सरसकट मारला गेला की पुढे तिथल्या मनोविकारतज्ज्ञांना सततच्या चिडचिडीसाठी वेगळं निदान तयार करावं लागलं. बारा वर्षांखाली हा आजार विरळाच. निदान तज्ज्ञाने करायचं, आपण फक्त पाहिलेलं नीट सांगायचं.

पण आपल्या पोराबद्दल नीट पाहतं कोण? सवर्ण घरातला मुलगा असा वागला तर "टेन्शन आलंय". आपला वागला तर "माज आलाय, सवलतींनी डोक्यावर बसवलंय". मुलगी असेल तर थेट चारित्र्यावर. शिक्षकही हेच म्हणतात, पोलीसही. दुखणं दिसायच्या आधी जात दिसते.

आता आपल्याकडे वळू. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातून अमावस्येला लिंबू उतरवलं जातं, हे मी पाहिलंय. भूत काढण्याच्या नावाने मारणं, साखळीने बांधणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे आपणच भाषणात सांगतो! दुसरी जात सुशिक्षितांची: "विपश्यनेला पाठव, मन स्थिर होईल." तीव्र मानसिक आजार असलेल्यांनी हे शिबिर करू नये, असा सल्ला विपश्यना केंद्रंच देतात. आणि खुद्द तथागतांनी आजारपणात जीवक वैद्याचं औषध घेतल्याचं विनयपिटकात आहे. ध्यान होतंच की त्यांच्याकडे.

औषध बहुतेकदा लांबचं असतं. लिथियम जुनं आणि प्रभावी आहे, पण त्यासाठी रक्ततपासणी लागते, थायरॉइड आणि किडनी पाहावी लागते. आपल्याकडच्या मे महिन्यात घाम जाऊन पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं: हात जास्त थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, तोल जातो. असं झालं तर तातडीने दवाखाना गाठा. व्हॅल्प्रोएट मुलींना देताना पुढच्या गर्भाला असलेला धोका डॉक्टरने सांगायलाच हवा, विचारा. बरं वाटलं म्हणून गोळी मनाने बंद केली की झटका परत येतो.

राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांवरच आपली भिस्त. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 18 मध्ये उपचाराचा हक्क आहे, जातीवरून भेदभावाला बंदी आहे, मुलांसाठी वेगळ्या सेवा आहेत, दारिद्र्यरेषेखालच्यांना मोफत उपचार आहेत. अॅट्रॉसिटीचं कलम तोंडपाठ असलेल्या किती कार्यकर्त्यांनी हे कलम वाचलंय? पुढच्या निवेदनात जिल्हाधिकाऱ्यांना विचारा: समाजकल्याणच्या वसतिगृहांत मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतो? तोवर 14416 हा टेलिमानसचा मोफत नंबर वसतिगृहाच्या भिंतीवर लावा.

तो मुलगा औषध घेतोय, बारावी झाला. यंदाच्या जयंतीला मिरवणूक अर्ध्यात असताना मी त्याला दहा वाजता घरी झोपायला पाठवलं. जाम चिडला माझ्यावर. पण गेला.