येऊ घातलेली लेन्स

कॅमेऱ्याच्या लेन्सबद्दल आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात जेवढं बोललं जातं, तेवढे फोटो काढले जात असते तर अंबरनाथच्या शिवमंदिराचा एकेक दगड आतापर्यंत टिपून झाला असता.

रविवारी सकाळी बारवी धरणाच्या रस्त्याला, कोंडेश्वरला किंवा चिखलोलीला जा. गळ्यात कॅमेरे अडकवलेली दहा-बारा मंडळी चहाच्या टपरीवर भेटतील. पक्षी झाडावर असतो आणि चर्चा जपानमध्ये चाललेली असते. कॅनन काय आणणार, निकॉनचं पेटंट कशाचं निघालं, सिग्मा येणार की नाही. आणि कुणी बिचाऱ्याने सांगितलं की मी या महिन्यात अमुक लेन्स घेतोय, की चारही बाजूंनी एकच सल्ला येतो: "घेऊ नको रे, थांब. नवीन येतेय."

माझं भांडण या "थांब"शी आहे. छंदाशी नाही. मी स्वतः जुना कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची साधी लेन्स घेऊन हिंडते. (तस्वीर जायज की नाजायज हा आमच्याकडचा जुना वाद आहे, तो या लेखात उघडणार नाही. ज्यांना तो उघडायचा आहे त्यांच्याही खिशात कॅमेऱ्याचा फोन असतोच.)

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून आधी शब्दाचं बोलते. "अफवा" आपल्याकडे अरबीतून आली. अरबीत "अफवाह" म्हणजे तोंडं, अनेकवचन. नुसती तोंडं! कान नाहीत, डोळे तर नाहीतच. लेन्सला उर्दूत "अदसा" म्हणतात, तो शब्द "अदस" म्हणजे मसूर यावरून आला. लॅटिनमध्येही लेन्स म्हणजे मसूरच, कारण भिंगाचा आकार तसा. म्हणजे मसुराच्या आकाराची ही वस्तू डोळ्यासाठी बनली आणि आपण तिला तोंडाच्या कामाला लावली.

कॅननबद्दलच्या अफवांना जगभर तीन दर्जे लावले जातात: सीआर-१, सीआर-२, सीआर-३. एक म्हणजे कच्ची, तीन म्हणजे जवळजवळ पक्की. आमच्यातले काही जाणकार हे दर्जे इतक्या गांभीर्याने सांगतात की मला हदीसच्या अभ्यासाची आठवण होते. अदब राखून सांगते, बरोबरी करत नाही, पण फरक पाहण्यासारखा आहे. मुहद्दिसांनी प्रत्येक रिवायतीची सनद तपासली. कुणी कुणाकडून ऐकलं, दोघे खरंच भेटले होते का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी, चारित्र्य कसं. यासाठी "अस्मा-उर-रिजाल" हे वेगळं शास्त्र उभं केलं. साखळीतला एक माणूस "मजहूल", म्हणजे अनोळखी निघाला तरी रिवायत ज़ईफ ठरते. लेन्सच्या अफवेत साखळीचा पहिलाच माणूस मजहूल असतो. "आतल्या गोटातून कळलं" एवढीच त्याची सनद. आणि खोटा ठरला तरी त्याचं काही जात नाही, कारण तोवर पुढची अफवा आलेली असते. सूरह हुजुरातमध्ये बातमी आली तर आधी शहानिशा करण्याचा हुकूम आहे, नाहीतर अजाणता कुणाचं तरी नुकसान करून बसाल असा इशाराही आहे. लेन्सच्या बातमीने कुणाचं काय नुकसान होणार, असं वाटत असेल तर पुढे वाचा.

निकॉनचं उदाहरण घेऊ. २०१८ साली त्यांनी झेड माउंट आणला. ऑक्टोबर २०१९ च्या त्यांच्या अधिकृत नकाशात २००-६०० मिलिमीटरची लेन्स दिसली. ही तर अफवाही नव्हती, कंपनीने स्वतः सांगितलेली गोष्ट होती. पक्ष्यांवाले हरखले. सोनीची २००-६०० त्याच वर्षी जूनमध्ये आली होती, आता आपलीही येणार. मग "या दिवाळीत येतेय", "मार्चमध्ये नक्की", "चिपचा तुटवडा आहे म्हणून अडली" असं चालू राहिलं. ती आली जून २०२३ मध्ये, आणि आली ती १८०-६०० होऊन. मध्ये पावणेचार वर्षं गेली. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो दर हिवाळ्यात येऊन गेले. त्या खाडीला अभयारण्याचा दर्जा २०१५ ला आणि रामसरचा २०२२ ला मिळाला. पहिल्या पावसात तिबोटी खंड्या कर्नाळ्याच्या जंगलात येऊन, घरटं करून, पिल्लं उडवून परत गेला. तोही दरवर्षी. आणि या सगळ्या काळात निकॉनचीच २००-५०० मिलिमीटर, एफ ५.६, २०१५ पासून बाजारात होती, आणि एफटीझेड अडॅप्टर लावून ती नव्या झेड कॅमेऱ्यावर ऑटोफोकससकट चालत होती. जो थांबला तो कशासाठी थांबला?

आता दुसरी बाजू. मला सांगण्यात येतं, "टीचर, अफवा सगळ्या खोट्या नसतात." खरं आहे. कॅननने २०१८ ला आरएफ माउंट आणला आणि दुसऱ्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्ससाठी दार बंद ठेवलं. २०२२ ला व्हिलट्रॉक्स या चिनी कंपनीला आपल्या आरएफ लेन्स बंद कराव्या लागल्या. सोनीने मात्र आपल्या ई माउंटची मूलभूत माहिती २०११ लाच इतरांना खुली केली होती, म्हणून टॅमरॉनची २८-७५ एफ २.८ सारखी आवाक्यातली लेन्स सोनीवाल्यांना २०१८ लाच मिळाली. कॅननवाले इतकी वर्षं "सिग्मा येतेय, सिग्मा येतेय" म्हणत राहिले, आणि एप्रिल २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला परवानगी मिळाल्याची घोषणा झाली. अफवा खरी ठरली! पण कशी? परवानगी जाहीर झाली ती छोट्या, एपीएस-सी सेन्सरच्या लेन्सची. ज्यांनी फुल फ्रेम कॅमेरा घेऊन वाट पाहिली, त्यांच्या हाती ती अफवा खरी ठरूनही काही पडलं नाही. अर्धी खरी अफवा ही पूर्ण खोट्या अफवेपेक्षा महाग पडते. खोटी विसरता तरी येते.

आणि हा चार मध्यमवयीन हौशींचा मामला असता तर मी लेखणी उचलली नसती. आमच्या भागात कॅमेरा हा पोटाचा धंदा आहे. उल्हासनगरात लग्नाचे हॉल किती आहेत ते मोजा. त्या प्रत्येक हॉलमागे फोटो-व्हिडिओवाली पोरं आहेत: कुणी बारावी, कुणी आयटीआय अर्धवट सोडलेला, कुणी जीन्सचे कारखाने हलल्यावर तिकडून इकडे आलेला. त्यांतले काही माझ्या हाताखालून गेलेत. त्यांच्यासाठी लेन्स म्हणजे हप्ता.

अशाच एका माजी विद्यार्थ्याने गेल्या वर्षी मला आपला हिशेब दाखवला. नाव लिहीत नाही. "नवीन येतेय, जुनीचा भाव पडेल" असं ऐकून त्याने आपली चांगली चालती झूम लेन्स घाईने विकली. विकली म्हणजे पडत्या भावाच्या भीतीनेच तो भाव पाडून घेतला. नवीन येईपर्यंतच्या लगीनसराईत किटबरोबर आलेल्या लेन्सवर काम केलं. हॉलमधल्या त्या रंगीबेरंगी एलईडीच्या उजेडात एफ २.८ आणि एफ ५.६ यांत दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट उजेडाचा फरक पडतो. फोटो रवाळ आले, दोन पार्ट्यांनी पैसे कापले. मग नवीन आली ती त्याच्या ऐपतीबाहेर, म्हणून कर्ज. फोर्टात बोरा बाझारला गेला, तिथे "इंडिया बिल" आणि "ग्रे" असे दोन भाव सांगितले गेले. स्वस्त पडते म्हणून ग्रे घेतली, म्हणजे वॉरंटीवर पाणी. आईला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. वहीच्या शेवटच्या पानावर हप्त्यांची यादी होती आणि त्याखाली पेन्सिलीने बहिणीच्या फीची रक्कम, त्यावर प्रश्नचिन्ह.

त्याला "थांब, विकून टाक" म्हणणारे कोण होते? चहाच्या टपरीवरचे. चांगल्या पगाराचे. त्यांच्यासाठी अंदाज चुकला तर गंमत, याच्यासाठी चुकला तर हंगाम गेला. आपल्या शब्दाचा भार ऐकणाऱ्याच्या खिशाप्रमाणे बदलतो हे त्यांना कळत नाही असं नाही, त्यांना त्याची पर्वा नाही.

कंपन्यांना मात्र या तोंडांची पुरेपूर पर्वा आहे. बातमी थोडी थोडी झिरपणं, नकाशावर नुसती काळी आकृती दाखवणं, तारीख न सांगता "विकास चालू आहे" एवढंच जाहीर करणं. या सगळ्यातून जाहिरातीचं काम फुकटात होतं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जायचं थांबतं. आमचे हौशी स्वतःला जाणकार समजतात. ते बिनपगारी सेल्समन आहेत.

उल्हासनगरने तरी या बाबतीत जगाला हसवलं होतं. "मेड इन यूएसए" म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. फाळणीत सगळं गमावून लष्करी छावणीच्या बराकींत येऊन पडलेल्या माणसांनी तो शिक्का मारून धंदा उभा केला. त्यात चलाखी होती, पण निदान हातात वस्तू तरी पडायची.

आता आपल्याच घरातली एक अफवा. दर काही महिन्यांनी मला कुणीतरी अभिमानाने पाठवतं: "कॅमेरा हा शब्द अरबी 'कमरा' किंवा 'कुमरा'वरून आला, इब्न अल-हैसमने शोध लावला, पश्चिमेने चोरला." भाईजान, कॅमेरा हा लॅटिन शब्द आहे, अर्थ खोली. आणि आपण बोलतो तो "कमरा"सुद्धा पोर्तुगिजांकडून आलेला. इब्न अल-हैसमला या उसन्या शब्दाची काही गरज नाही. बसऱ्यात ९६५ च्या सुमारास जन्मलेल्या या माणसाने "किताब अल-मनाज़िर"च्या सात भागांत प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो हे प्रयोगांनी मांडलं, अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणारा उजेड तपासला. आणि टॉलेमीसारख्या थोरावर त्याने शंकांचं एक स्वतंत्र पुस्तक लिहिलं. शंकांचं! ज्याचं नाव घेऊन आपण न तपासलेली बातमी पुढे ढकलतो, त्याने आयुष्यभर तपासण्याचं काम केलं.

तपासणं म्हणजे काय ते बघायला आपल्याला बसऱ्यालाही जायला नको. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. तेव्हा काचेवर ओलं रसायन फासून, ते वाळण्याआधी फोटो घेऊन, तिथल्या तिथे धुवावा लागे. हेच भाऊ दाजी अंबरनाथच्या मंदिरातला शिलालेख वाचायला बसले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच दगड पुन्हा तपासला आणि साल शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असं लावलं. मुंबई सरकारने १८६८ मध्ये जे. जे. स्कूलच्या टेरीसाहेबांना मंदिराची चित्रं आणि साचे करायला पाठवलं. यांपैकी कुणीही पुढच्या वर्षी बरं भिंग येतंय म्हणून थांबलं नाही.

आज त्याच मंदिराला लागून वालधुनी वाहते. वाहते म्हणायचं इतकंच. तिचा रंग कधी काळा, कधी कारखान्याच्या मर्जीप्रमाणे. आमच्या पट्ट्यात लाखालाखाच्या लेन्स आहेत, पण तिच्या पाण्याचा वर्षभर, महिन्याच्या महिन्याला त्याच पुलावरून काढलेला फोटो कुणाकडे आहे का? मी विचारत फिरले, मला तरी कुणी दाखवला नाही. कॅम्पांमधल्या जुन्या बराकी पाडून इमारती उठतायत. त्या बराकीत पहिली रात्र काढलेली म्हातारी माणसं एकेक करून जातायत. त्यांच्या चेहऱ्यांसाठी ६०० मिलिमीटर लागत नाही, खिडकीजवळ बसवलं की ५० ची एफ १.८ पुरते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढले. त्या दिवसाची जी चित्रं माझ्या डोळ्यांत राहिली ती बरीचशी साध्या मोबाईलची.

वाट पाहणाऱ्यांनी आणखी एक विसरू नये. बदलापूरचा पाऊस लेन्सची वाट पाहत नाही. कपाटात पडलेल्या जुन्या भिंगात दोन पावसाळ्यांत बुरशीची जाळी धरते, आणि ती आतल्या काचेपर्यंत गेली की साफ करायचा खर्च जुन्या लेन्सच्या किमतीशी स्पर्धा करतो. हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे वापर. भिंगाला उजेड लागतो.

"मग काय, बातम्या वाचूच नयेत?" वाचा. घोषणा झालेली, किंमत लागलेली, दुकानात हातात घेता येणारी लेन्स ही बातमी. बाकी सगळी तोंडं. आणि दुसऱ्याला सल्ला देताना त्याचा हप्ता तुम्ही भरणार आहात का, एवढं विचारून बघा.

त्या मुलाला मी काय सांगितलं ते लिहून थांबते. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटच्या लेन्स कंपनीच्या साध्या अडॅप्टरवर आरएफ कॅमेऱ्याला ऑटोफोकससकट चालतात, आणि नव्याच्या मागे धावणाऱ्यांनी त्या बाजारात ढिगाने विकायला काढल्यात. त्यातली एक बघून, उजेडासमोर धरून, बुरशी नाही ना तपासून घे. लांब पल्ल्याची हवी असेल त्या दिवशी मुंबईतून भाड्याने आण, भाडं पार्टीच्या बिलात लाव. त्याने घेतली. शव्वालमधल्या दोन लग्नांचं काम त्याच लेन्सवर झालं. आता तो म्हणतो, "टीचर, ऐकलंय की पुढच्या महिन्यात एक..." मी फोन ठेवला.