मेलेला नाही, शॉर्ट झालाय

फोन चालू होत नसला की आपण म्हणतो, ‘मेला’. बाइक सुरू झाली नाही तर ती मेली असं कुणी म्हणत नाही. किक मारून बघतो, प्लग काढून पुसतो, टाकी हलवून पेट्रोलचा आवाज ऐकतो, आणि नाहीच जमलं तर ढकलत मेकॅनिककडे नेतो. फोनच्या बाबतीत मात्र पाच मिनिटं बटण दाबून झालं की थेट सुतक. ज्यांनी तो आपल्याला विकला त्यांना हे सुतक फार सोयीचं आहे, कारण तेराव्याच्या आत आपण नवीन फोनचा हप्ता बांधून घेतलेला असतो.

बंद पडलेल्या फोनांतले बरेच फोन मुळात बिघडलेलेच नसतात. बॅटरी पार तळाला गेली असेल तर चार्जिंगचं सर्किट आधी अगदी बारीक करंट सोडतं, आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. म्हणून दुसरी केबल, दुसरा चार्जर आणि अर्ध्या तासाचा धीर. सॉफ्टवेअर अडकलं असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोनांत पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र पंधरा-वीस सेकंद दाबून धरलं की तो नव्याने सुरू होतो. दुसऱ्या फोनवरून कॉल लावून बघा; रिंग वाजली तर फोन जिवंत आहे, गेलाय तो डिस्प्ले. चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारा. जीन्सच्या खिशातला मळ तिथे ठासून बसलेला असतो, तो लाकडी टूथपिकने हलक्या हाताने निघतो. पाठ फुगलेली दिसली तर मात्र चार्जरला लावायचंही नाही आणि दाबायचंही नाही. आणि भुशी डॅमच्या पायऱ्यांवर भिजवून आणलेला फोन तांदळाच्या डब्यात खुपसू नका. तांदळाचे कण आत जाऊन नुकसान करू शकतात, हे २०२४मध्ये खुद्द ॲपलनेच सांगितलंय. भात तेवढा खा.

एवढं करूनही चालू झाला नाही, की खरी गोष्ट सुरू होते.

माझा मावसभाऊ आंबीत राहतो. तळेगाव दाभाड्याच्या पुढचं, इंद्रायणीकाठचं गाव. पूर्वी शेतीचं होतं, आता भोवती एमआयडीसी आहे, इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आणि कामगार नि पोरं यांच्यासाठी बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांच्या चाळी आहेत. भाऊ एका कारखान्यात ठेक्यावर काम करतो. ओव्हरटाइमचे तास ठेकेदार महिनाअखेरीस विसरतो, म्हणून तो रोज हजेरीच्या वहीचा फोटो काढून ठेवतो. गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन रात्री चार्जिंगला लावला तो सकाळी उठलाच नाही. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये त्याला दहा मिनिटांत निकाल मिळाला. मदरबोर्ड बदलावा लागेल. खर्च फोनच्या निम्म्या किमतीहून जास्त. डेटा जाईल, या फॉर्मवर सही करा.

त्याने सही केली नाही. गावातल्या रस्त्यालगतच्या एका टपरीवजा दुकानात गेला. तिथल्या दादाने पाठीला हीट देऊन ती उघडली, बॅटरी सोडवली आणि बोर्डाला डीसी पॉवर सप्लाय जोडला. पॉवरचं बटण दाबलेलंही नसताना करंटचा काटा वर गेला. ‘डेड नाहीये, शॉर्ट आहे,’ दादा म्हणाला. मग त्याने बोर्डावर रोझिनचा धूर बसवला, कमी व्होल्टेज सोडलं, आणि एका जागी तो पांढरा थर वितळला. तिथे तिळापेक्षा लहान एक कपॅसिटर होता. तो काढला, शॉर्ट गेला, फोन चालू झाला. असे कपॅसिटर त्याच लाइनवर अनेक, समांतर जोडलेले असतात. त्यांतला एखादा काढला तर फोनचं बहुतेकदा काही बिघडत नाही. सातशे रुपये घेतले. हजेरीच्या वहीचे फोटो जागेवर होते.

प्रत्येक फोन असा उठत नाही, हे मान्य. प्रोसेसर गेला असेल, बोर्डावर गंज चढला असेल तर दादाही हात जोडतो. माझा आक्षेप आहे तो त्या दहा मिनिटांच्या निकालावर. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा बोर्डावर मीटर लावत नाही, कारण ते त्याचं कामच नाही. अख्खा सुटा भाग काढून दुसरा बसवणं एवढंच त्याला शिकवलेलं असतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर पडला की पहिला प्रश्न विचारतो, लॉग कुठेयत? लॉग न बघता ‘नवीन सर्व्हर घ्या, जुना डेटा विसरा’ असं म्हणणाऱ्याला कुठलीही टीम ठेवणार नाही. फोनवाल्या कंपन्यांनी याच उत्तराला ‘अधिकृत सेवा’ हे नाव दिलंय.

डेटाची गोष्ट तर आणखी वाकडी आहे. अँड्रॉइड १० पासून बाजारात आलेल्या नव्या फोनांत एन्क्रिप्शन सक्तीचं आहे आणि त्याची किल्ली त्या फोनच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. चोरासाठी हे चांगलंच आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की मेमरीची चिप काढून दुसऱ्या बोर्डावर बसवली तरी आतलं काही वाचता येत नाही. ज्याने बॅकअप घेतलेला नाही त्याच्यासाठी तोच बोर्ड दुरुस्त करणं हा एकच रस्ता उरतो. (‘बॅकअप का नाही घेतला?’ हा प्रश्न हॉस्टेलच्या वायफायवर बसून विचारायला सोपा आहे. दिवसाच्या डेटा पॅकवर आणि भरून वाहणाऱ्या फुकटच्या १५ जीबीवर तो विचारून बघा.) म्हणजे डेटा वाचवणारं एकमेव कौशल्य आज ज्याच्या हातात आहे, त्यालाच कंपन्या ‘अनधिकृत’ म्हणतात.

हा अनधिकृत माणूस काम कसा करतो? बोर्डाचा नकाशा कंपनी त्याला देत नाही, म्हणून तो कुठल्यातरी चिनी सॉफ्टवेअरची वर्गणी भरून गळती झालेले नकाशे बघतो. आयसी विकत मिळत नाही, म्हणून भंगारातल्या बोर्डावरून उपटतो. त्याने केलेली दुरुस्ती चोरीसारखी दिसते, कारण ती तशी दिसावी अशीच व्यवस्था आहे.

गंमत म्हणजे, याच तळेगावच्या नावाने महाराष्ट्र काही काळापूर्वी चिपसाठी रडला होता. वेदांता-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येणार अशी चर्चा होती. सप्टेंबर २०२२मध्ये तो गुजरातेत गेला, आणि महाराष्ट्राच्या अस्मितेवर आठवडाभर चॅनेलं चालली. जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेरही पडली. कुणाचा कारखाना कुणी पळवला यावर घसा बसेपर्यंत भांडलो आपण. तळेगावच्या आसपास मायक्रोस्कोपखाली चिप काढून परत बसवणारी माणसं आहेत, हे कुणाच्या भाषणात आलं नाही. टपरीतलं कौशल्य इलेक्ट्रॉनिक्समध्ये धरलंच जात नाही. आमच्या डिग्रीतही धरलं नव्हतं. चार वर्षांत एकदाही कुणी बंद फोन समोर ठेवून ‘शोधा’ म्हटलं नाही.

हे बदलता येत नाही असंही नाही. तळेगाव-चाकणच्या पट्ट्यात गाड्या बनतात, तर गाड्यांचंच उदाहरण घ्या. स्पेअर पार्ट आणि तपासणीची उपकरणं खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. पुढे अपिलं झाली, ती होतातच. पण कोपऱ्यावरच्या गॅरेजलाही पार्ट मिळाला पाहिजे, हे तत्त्व या देशात लेखी आहे. फोनला ते का नाही?

सरकार म्हणेल, करतोय की. जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती झाली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल निघालं. मे २०२५मध्ये फोन आणि टॅबलेटच्या ‘दुरुस्ती निर्देशांका’चा अहवाल आला. त्यात बॅटरी, डिस्प्ले, चार्जिंग पोर्ट, बटणं, कॅमेरा, स्पीकर अशा महत्त्वाच्या भागांची यादी आहे. मदरबोर्ड त्या यादीत नाही. शिवाय गुण कंपनीने स्वतःच स्वतःला द्यायचे. म्हणजे बॅटरी सहज बदलता येते म्हणून ज्या फोनच्या खोक्यावर उत्तम गुण छापलेले असतील, त्याच फोनचा दोन रुपयांचा कपॅसिटर गेला तर तुम्हाला पुन्हा तो सहीचा फॉर्मच मिळेल. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४मध्ये कायदा करून सुट्या भागांना सॉफ्टवेअरचं कुलूप लावण्यावर बंदी घातली. युरोपियन युनियनमध्ये जून २०२५पासून नव्या फोनांचे महत्त्वाचे भाग विक्री थांबल्यानंतरही सात वर्षं पुरवावे लागतात. तिथेही बोर्डाच्या आतली दुरुस्ती मागेच पडलीय, पण निदान सक्ती तरी आहे.

यावरचा ठरलेला प्रतिवाद मला पाठ आहे. टपरीवाले डुप्लिकेट बॅटरी टाकतात, फोटो चोरतात, चांगला पार्ट काढून घेतात. काही जण करतात. डुप्लिकेट बॅटरी येते कारण ओरिजिनल त्याला विकली जात नाही. ती विका, मग डुप्लिकेट टाकणाऱ्याला पकडा. फोटोंची भीती खरी आहे, आणि ती काचेच्या दाराच्या एसी दुकानातही तितकीच खरी आहे. काही फोनांत ‘रिपेअर मोड’ आहे, त्यात तुमचा डेटा लपतो आणि बाकी सगळं तपासता येतं. पण तो चालू करायला फोन आधी चालू लागतो. बंद फोनासाठी हाताशी काय आहे, तर परवाना, पावती आणि तक्रारीची जागा. परवाना द्यायचा तर आधी त्या दादाला तंत्रज्ञ म्हणावं लागेल, आणि तिथेच सगळ्यांची जीभ अडते.

म्हणून मागणी नेमकी करू. बोर्डाचे नकाशे प्रसिद्ध करा, निदान वॉरंटी संपलेल्या मॉडेलांचे. चार्जिंग आणि पॉवरच्या आयसी सुट्या विका. मदरबोर्ड त्या यादीत घाला. आणि सर्व्हिस सेंटरने ‘डेटा जाईल’वर सही मागण्याआधी बिघाड कुठे आहे ते मीटर लावून लेखी द्यावं, करंट किती घेतला त्या आकड्यासकट. भावाने तो महिना ओव्हरटाइमचे फोटो दाखवून पैसे काढले. ठेकेदाराने आता वहीचा फोटो काढायला मनाई केली आहे, पण ते भांडण वेगळं.