कच्चं काम खोडा, पण फाडू नका

मंडळी, उत्तरपत्रिकेच्या उजव्या बाजूला पट्टीने रेघ मारून तिथे 'कच्चे काम' करायचं, हे तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. मी पस्तीस वर्षं गणिताच्या वह्या तपासल्या. उत्तर बरोबर आणि कच्च्या कामाची जागा कोरी असली, की आधी शेजारच्या बाकावरची वही बघायची, हा माझा शिरस्ता. खाडाखोड असलेल्या पानाची मला कधी भीती वाटली नाही. कोऱ्या पानाची वाटायची.

मराठी माध्यमातून बीए झालेली बाई संगणकावर काय लिहिणार, असं नातलगांपैकी काहींच्या मनात येईलच. पण विषय कच्च्या कामाचाच आहे, म्हणून धीर करते.

पूर्वी अहवाल लिहायचा म्हणजे आकडेमोड एकीकडे आणि मजकूर दुसरीकडे. इकडचा आकडा तिकडे चिकटवायचा. मूळ माहिती बदलली की कुठला आकडा कुठे चिकटवला होता ते शोधत बसा! प्रोग्राम आणि त्याचं विवेचन एकत्रच लिहावं, हा विचार डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ साली 'लिटरेट प्रोग्रॅमिंग' या नावाने मांडला. संख्याशास्त्रासाठी जी 'आर' नावाची भाषा आहे, तिच्यासाठी फ्रीडरिश लाइश यांनी २००२ मध्ये 'स्वीव्ह' आणलं, आणि यीहुई श्ये यांनी २०१२ मध्ये 'निटर'. कल्पना साधी आहे. मजकुरातच मध्ये मध्ये आज्ञा लिहायच्या. अहवाल तयार होताना संगणक त्या आज्ञा पाळतो आणि उत्तर तिथल्या तिथे खाली मांडतो. हाताने एकही आकडा लिहायचा नाही.

इथवर सगळं छान. पण आज्ञा पाळताना संगणक नुसतं उत्तर देत नाही, तो बोलतोही. कधी साधी सूचना देतो, कधी इशारा देतो (वॉर्निंग), आणि कधी 'हे मला जमत नाही' म्हणून थांबतो (एरर). हे बोलणं अहवालात छापायचं की नाही?

या प्रश्नाला गमतीदार इतिहास आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्सवर लेख तयार करून ते फोटोटाइपसेटर यंत्रावर छापत. कागद रसायनात धुऊन काढावा लागे. एवढा खटाटोप करून हातात काय यावं? सुबक टायपात छापलेली एकच ओळ, अमुक फाइल उघडता आली नाही! तिथे काम करणाऱ्या स्टीव्ह जॉन्सन यांनी पुढे सांगितलंय, की लोकांची कुरकुर वाढली आणि त्यातून चुकांसाठी वेगळी वाट निघाली. उत्तर एका नळातून, तक्रार दुसऱ्या नळातून. आजही तसंच आहे. त्यामुळे लेखात आज्ञा लिहिणाऱ्याला दुसऱ्या नळाखालीही भांडं ठेवावं लागतं. 'निटर' ते ठेवतं. उत्तर, सूचना, इशारा, चूक हे सगळं तो वेगवेगळं टिपतो, आणि यातलं काय छापायचं ते ठरवायच्या कळा लिहिणाऱ्याच्या हाती देतो.

माझं भांडण आहे ते त्या कळांशी.

आमची नात अंगणवाडीतल्या मुलांच्या वजनांवर अहवाल लिहीत होती. तिच्या मार्गदर्शकांनी मसुदा पाहिला आणि म्हणाले, "हे मधले इंग्रजी शेरे काढून टाक, स्वच्छ दिसू दे." तिने सगळ्यात वर एक ओळ लिहिली, की इशारे छापू नकोस. झालं. अहवाल आरशासारखा लख्ख.

मला तिने तो शुद्धलेखनासाठी वाचायला दिला होता. तालुक्याची सरासरी दिली होती, पण ती किती मुलांची ते कुठेच नव्हतं. बेरीज भागिले संख्या, ही सवय जाता जात नाही. मी विचारलं, "अगं, भागलंस कितीने?" ती म्हणाली, "आजी, ते तो आपोआप करतो." म्हटलं, "आपोआप कितीने करतो ते विचार की त्याला!"

विचारलं, तर यादीतल्या मुलांपेक्षा आकडा बराच कमी आला. मग तिने ती वरची ओळ काढली आणि इशारा पुन्हा उमटला, 'एनएज इंट्रोड्यूस्ड बाय कोअर्शन'. म्हणजे काही नोंदींचा आकडा करता आला नाही, तिथे 'माहिती नाही' असं धरलं. कुठल्या नोंदी? तर दोन वाड्यांच्या सगळ्या. त्या वाड्यांची वजनं मराठी अंकांत टंकलेली होती. ९.५ असं आपण लिहिलं तर ते 'आर'ला अंक वाटतच नाहीत, नुसती अक्षरं वाटतात. (पायथन नावाची दुसरी भाषा आपले अंक बिनतक्रार वाचते, असं नात म्हणाली. तिने करूनही दाखवलं. मला उगाच बरं वाटलं.) आणि सरासरीच्या आज्ञेत 'माहिती नसेल ती सोडून दे' असंही लिहिलेलं होतं. म्हणून त्याने ती मुलं सोडून दिली.

त्या वाड्या रस्त्यापासून लांबच्या, आणि तिथल्या मुलांची वजनं सगळ्यात कमी. ती गळली आणि तालुक्याची सरासरी वर गेली. संगणकाने लपवलं नव्हतं हो काही. तो सांगत होता. आपणच त्याला गप्प बसवलं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि विकास यांवर निबंध लिहिला. कर्ज ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ त्यात उणे ०.१ टक्के होती. २०१३ मध्ये थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेलची फाइल मिळवून पाहिली, तर एका सूत्रातून पाच देश सुटलेले. आणखीही कारणं होती, काही वर्षं वगळलेली, भार देण्याची पद्धत वेगळी. त्याने आणि त्याच्या शिक्षकांनी पुन्हा मांडलं तेव्हा तो आकडा २.२ आला.  कच्चं काम हाती आलं तेव्हाच कळलं.

यावर कुणी म्हणेल, वाचणाऱ्या अधिकाऱ्याला हे शेरे कळणार आहेत का? नसतील कळत. मग खाली दोन ओळी मराठीत लिहा. 'अमुक संच वापरायला घेतला' असल्या साध्या सूचना खुशाल लपवा, त्यात कुणाचं वजन नाही. पण इशाऱ्यांना अख्ख्या दस्तऐवजावर एका ओळीने बोळा फिरवायचा नाही. जो इशारा समजला, तपासला, तो त्या एका ठिकाणी बंद करा आणि का केला ते शेजारी लिहा. चूक आली तर अहवाल तयारच होऊ नये, तिथेच थांबावा. 'निटर'मधून आर मार्कडाउनचा अहवाल काढताना तसा थांबतोही, मुद्दाम सांगितलं नाही तर. शिकवण्याचं पुस्तक असेल तेव्हा मात्र चूक जरूर छापावी. असं लिहिलं तर संगणक असा ओरडतो, हे मुलांना दिसलं पाहिजे.

हल्ली 'ज्युपिटर'च्या वह्या फार चालतात. तिथे आज्ञा बदलली तरी पुन्हा चालवेपर्यंत जुनंच उत्तर खाली बसून राहतं. चुका तिथे चांगल्या ठळक दिसतात, पण हे शिळं उत्तर काही ओरडत नाही. शेजारच्या कंसातले क्रमांक वर-खाली झालेले दिसले, की मला ती शेजारच्या बाकावरची वही आठवते. सगळं पुसून पहिल्यापासून चालवा म्हणावं.

आपण ब्लॉगवाले लेखाखाली हौसेने चू.भू.दे.घे. लिहितो. जुने दुकानदार बिलावर छापायचे. ते लिहायचं आणि चूक सांगणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवायचा, ही कुठली रीत? असो.

नातीने मराठी अंक इंग्रजी करून घ्यायची एक आज्ञा लिहिली. दोन्ही वाड्या परत आल्या, सरासरी खाली उतरली, मार्गदर्शकांचा चेहराही थोडा उतरला म्हणे. तरी इशारा पुरता गेला नाही. तीन नोंदी अजून अडत होत्या. उघडून पाहिलं, तर सेविकाबाईंनी वजनाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मामाच्या गावाला'. तो इशारा नातीने अहवालात तसाच ठेवलाय, आणि खाली मराठीत लिहिलंय, की ही तीन मुलं त्या दिवशी हजर नव्हती, त्यांचं वजन घ्यायचं राहिलं आहे.