मॉर्डर, मार्गे चिंचपोकळी

गेल्या गणपतीत माझी रूममेट आमच्याकडे लालबागला राहायला आली होती. (तिचं नाव छापलं तर मेसमधला माझ्या वाटणीचा गुलाबजाम जाईल, म्हणून लिहीत नाही.) रात्री दोनच्या सुमारास गणेशगल्लीचा गणपती बघून आम्ही घरी येत होतो. पाऊस नुकताच थांबला होता. ढग खाली उतरलेले, मागे बांधकामाच्या क्रेनवरचे लाल दिवे आणि त्यांच्यापुढे एका बंद गिरणीची काळीकुट्ट चिमणी. बाईसाहेब रस्त्यातच थांबल्या, मोबाइल काढला आणि ओरडल्या, "अगं, सेम टू सेम मॉर्डर!"

ज्यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' बघितला नाही (हॉस्टेलमध्ये असं कोणी असेल असं वाटत नाही, पण स्टाफरूममध्ये असू शकेल) त्यांच्यासाठी सांगते. मॉर्डर म्हणजे त्या गोष्टीतल्या दुष्टाचा प्रदेश. आग, राख, काळं आकाश आणि राक्षसांच्या फौजा.

सकाळी तिने तो फोटो कौतुकाने आजोबांना दाखवला. आजोबांनी चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "मॉर्डर म्हंजे खंयचा गाव?" मी जमेल तसं मराठीत समजावलं. सगळं ऐकून घेतल्यावर ते हसले आणि म्हणाले, "म्हंजे बाय, तिथे काम करणारे आम्ही सगळे राक्षस काय?"

ते हसत म्हणाले खरं, पण मला काही हसू आलं नाही. कारण त्या चिमणीखाली आजोबांनी साचेखात्यात चौदा वर्षं काढली आहेत. आणि खरं सांगायचं तर ती चिमणी मॉर्डरसारखी दिसते हे मलाही शाळेपासून वाटत होतं! फक्त घरात बोलायची हिंमत नव्हती.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. (हा लेख संपादक सरांनी तपासला आहे, तरी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या.) आमची सहल व्ही.टी. स्टेशनला गेली तेव्हा अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला होता, "वॉव, हॉगवर्ट्स!" मनोरे, घुमट, भिंतीतून डोकावणारे दगडी प्राणी, सगळं अगदी तसंच. पण जरा तारखा बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्सची ही इमारत १८८८ साली पूर्ण झाली. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक आलं १९९७ साली. म्हणजे आजीला बघून "ही नातीसारखी दिसते" म्हणण्यातला प्रकार! शिवाय त्या इमारतीवरच्या नक्षीकामात जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या इथल्याच विद्यार्थ्यांचा हात होता. ते आमच्याच वयाचे असतील. त्यांची आठवण आमच्यापैकी एकालाही झाली नाही.

कोणी म्हणेल, एवढं काय मनावर घ्यायचं? एक जागा बघून दुसरी आठवणं हा माणसाचा स्वभावच आहे. मान्य. आमच्या गणेशगल्लीत दुसरं काय चालतं? कधी कुठलं प्रसिद्ध देऊळ, कधी कुठला राजवाडा, दहा-अकरा दिवसांसाठी गल्लीत उभा राहतो. २००७ मध्ये कोलकात्यात सॉल्ट लेकच्या दुर्गापूजेसाठी चक्क हॉगवर्ट्सचा किल्ला उभारला होता. त्यावरून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, पण तो मांडव काही उतरवावा लागला नाही. तेव्हा कल्पनेतली जागा आपल्या गल्लीत आणायला माझा अजिबात विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की उपमा द्यायची तर पूर्ण द्यावी, अर्धी नको.

ती पूर्ण कशी होते ते बघा. ही गोष्ट लिहिणारे टॉल्किन लहानपणी बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल नावाच्या खेड्यात राहिले. तिथे एक पाणचक्की होती, शेतं होती. वाढत्या शहराने हळूहळू ते सगळं गिळलं. आपण दहा वर्षांचे व्हायच्या आतच बालपणीचा तो मुलूख नासायला लागला होता, असं त्यांनी स्वतःच पुढे प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. म्हणजे ते धुराला दुष्ट म्हणाले, कारण धुराने त्यांचं गाव नेलं. त्यांच्या जागी ते बरोबरच होते.

आता लालबागला या. आमच्याकडे गोष्ट बरोबर उलटी आहे. इथे चिमणीने गाव नेलं नाही, इथे चिमणीमुळे गाव वसलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली, एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने झोपली. खानावळी निघाल्या, भजनी मंडळं आणि व्यायामशाळा निघाल्या. टॉल्किनच्या गोष्टीत हॉबिट लोकांचा एक सुखी मुलूख आहे, त्याचं नाव शायर. आमच्या गिरणगावात शायर नव्हतं, पण शाहीर होते! अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांचे आवाज याच वस्तीत घुमले.

आजोबा सांगतात, भोंगा झाला की घड्याळ बघायची गरज नसायची, आणि चिमणीतून धूर निघतोय म्हणजे घरात चूल पेटणार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. आजोबा पुन्हा आत गेले नाहीत. आजीने घरात डबे सुरू केले, त्यावर बाबा शिकले आणि त्यामुळे मी कॉन्व्हेंटमध्ये जाऊन मॉर्डर हा शब्द शिकले! टॉल्किनच्या गोष्टीत धूर आला आणि अंधार पडला. आमच्याकडे धूर थांबला आणि अंधार पडला.

शिवाय इंजिनिअरिंगच्या मुलीने चिमणीला नुसतं भेसूर म्हणणं शोभत नाही. या जुन्या चिमणीत पंखा नसतो. आतला गरम धूर बाहेरच्या हवेपेक्षा हलका, म्हणून तो वर चढतो आणि खालून भट्टीत ताजी हवा ओढली जाते. जितकी उंची जास्त, तितकी ओढ जास्त. ५० मीटर उंची, आत २०० अंश आणि बाहेर ३० अंश धरून मी गणित केलं. दाबातला फरक येतो जेमतेम २० मिलिमीटर पाण्याइतका! एवढ्याशा ओढीवर भट्टी धगधगायची, भट्टीवर बॉयलर आणि जुन्या काळी बॉयलरच्या वाफेवर अख्खी गिरणी. पुढे वीज आली तरी कांजी आणि रंगाईला वाफ लागायचीच. जादू म्हणायची तर हिला म्हणा की!

मॉर्डर म्हटल्याने काय बिघडतं, असं रूममेटने मला विचारलंच. मला वाटतं, बिघडतं. मॉर्डरमध्ये कोणाचं घर नसतं. ते कोसळलं की प्रेक्षक टाळ्या वाजवतात. एखाद्या जागेला भकास, भुताटकी, मॉर्डर म्हणत राहिलं की ती पाडताना कोणाला विचारावंसं वाटत नाही. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकांसाठी होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जागेची करायचं ठरलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. आता तिथे मॉल आणि टॉवर आहेत. लोअर परळच्या फिनिक्स मिलची चिमणी मॉलमध्ये अजून उभी आहे. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव असलेली गिरणी, यापेक्षा मोठी फँटसी कोणी लिहिणार?

आणि अद्भुतच बघायचं असेल तर परळला बारादेवीच्या देवळात जा. १९३१ साली रस्त्याचं काम करताना सापडलेलं एक शिल्प तिथे आहे. तीन मीटरहून उंच एकच दगड, त्यात शिवाच्या अंगातून शिव उगवतो, त्यातून आणखी एक, आणि बाजूंनाही फुटत जातो. दीड हजार वर्षं जुनं काम! मी वीस वर्षं तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहिले आणि पहिल्यांदा बघायला गेले ती या वर्षी, रूममेटला घेऊन. यावर मात्र तिला कुठल्याच सिनेमाचं नाव सुचलं नाही. बराच वेळ नुसती बघत उभी राहिली.

हॉस्टेलमध्ये आपण सगळे कुठून कुठून आलो आहोत. कोणाच्या गावाजवळ कोळशाची खाण असेल, कोणाच्या गावाला किल्ला, कोणाचं गाव धरणात गेलेलं. सुट्टीत एकमेकांकडे जाल तेव्हा "सेम टू सेम" जरूर म्हणा, फोटोही काढा. फक्त त्यानंतर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, की ही जागा तुम्हाला कशासारखी वाटते?

मी आजोबांना विचारलं होतं. त्यांनी चिमणीकडे बघितलं आणि म्हणाले, "कशासारखी म्हंजे? गिरणीसारखी."