हॅमची नोंदवही आणि संगणक

हौशी रेडिओ-केंद्र चालवणाऱ्याने, म्हणजे हॅमने, प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवायची असते. तारीख, वेळ, समोरच्याचे कॉल-साइन, वारंवारता, प्रक्षेपणाचा प्रकार आणि दोघांनी एकमेकांना दिलेला संकेताचा अहवाल एवढ्या बाबी तीत येतात. पूर्वी हे काम रकाने आखलेल्या जाड वहीत चाले. आज बहुतेक हॅम ते संगणकावर करतात. रेडिओ-संच तारेने संगणकाला जोडला की वारंवारता व प्रकार आपोआप भरले जातात, वेळ संगणकाच्या घड्याळातून येते, आणि आपण केवळ कॉल-साइन टंकित करायचे. शाळेत हॅम-मंडळ सुरू करणाऱ्या शिक्षकांपुढे साहजिकच प्रश्न येतो, की मुलांना आधी वही द्यावी की संगणक? माझे मत असे की, पहिल्या दिवसापासून संगणक द्यावा. मात्र त्याने आपणहून काय भरायचे नाही, हे आपण ठरवावे.

संगणकाच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट ही, की त्यात केलेली नोंद पुन्हा हाती लागते. सौर डागांचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे असते. डाग कमी असतात तेव्हा २८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर दूरची केंद्रे क्वचितच ऐकू येतात. डाग वाढले की तोच पट्टा गजबजतो. २००८ व २०१९ या वर्षांच्या शेवटी सूर्य सर्वांत शांत होता. एखाद्या हॅमच्या पंधरा-वीस वर्षांच्या नोंदी संगणकात असतील, तर २८ मेगाहर्ट्‌झवरची संभाषणे वर्षावार वेगळी काढायला काही क्षण पुरतात, आणि सूर्याचा चढउतार डोळ्यांसमोर उभा राहतो. वहीतून हेच करायचे म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी खर्ची पडावी!

अशा नोंदी विज्ञानाच्याही कामी येतात. २१ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण झाले. त्या दिवशी तेथील हॅमांनी मुद्दाम संभाषणांची स्पर्धा भरवली, स्वयंचलित ग्राहकांनीही ऐकलेली केंद्रे नोंदवली, आणि शास्त्रज्ञांनी ही सारी माहिती एकत्र केली. ७ मेगाहर्ट्‌झवर जे संपर्क एरवी सुमारे ५०० किलोमीटरपर्यंत होत होते, ते ग्रहणमध्याच्या आगेमागे पाऊण तास सुमारे १,००० किलोमीटरपर्यंत होऊ लागले. चंद्राची सावली आयनांबरावरून सरकत गेली, आणि तिची खूण नोंदींत उमटली.

परंतु नोंद खरी असेल तरच हे शक्य! येथेच माझी पहिली तक्रार आहे. जगभरचे हॅम एकच जागतिक प्रमाणवेळ वापरतात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. पंधरा तारखेच्या पहाटे चार वाजता झालेले संभाषण चौदा तारखेला २२:३० वाजता असे नोंदवावे लागते. वहीत लिहिणारा मुलगा निदान हे गणित रोज करतो. संगणकात एकदा चुकीची मांडणी झाली, की प्रत्येक नोंद निमूटपणे साडेपाच तास सरकते, आणि पडदा मात्र नीटनेटका दिसतो. अमेरिकेतील हॅम-संस्थेने २००३ पासून संगणकीय पडताळणीची सोय केली आहे. तीत दोन्ही बाजूंच्या नोंदी ताडून पाहतात, आणि वेळेत अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक असला तर त्या जुळत नाहीत. समोरच्याच्या दृष्टीने ते संभाषण झालेलेच नसते!

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. संकेताच्या अहवालात पहिला आकडा सुबोधतेचा, एक ते पाच. दुसरा बळाचा, एक ते नऊ. पाच-नऊ म्हणजे अगदी स्पष्ट आणि अतिशय बलवान. स्पर्धेसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या हा पाच-नऊ आधीच भरून ठेवतात. त्यामुळे समोरच्याचे कॉल-साइन तीनतीनदा विचारूनही कळत नाही, आणि तरीही त्याला ‘पाच-नऊ’ असे ठासून सांगितले जाते! हा शिष्टाचार संगणकाने सुरू केला नाही हे खरे, पण त्याला कळीचे रूप संगणकाने दिले. मोजमाप न करताच आकडा लिहिणारा विद्यार्थी प्रयोगशाळेत आढळला तर आपण काय म्हणतो?

गंमत अशी, की याच संगणकाने अहवालाला पुन्हा अर्थही दिला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँक यांनी २०१७ साली एफटी-८ ही संदेशपद्धत आणली. तीत पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या असतात, आणि संगणक संकेताचे गोंगाटाशी असलेले प्रमाण स्वतः मोजतो. २,५०० हर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्यातील गोंगाटाशी तुलना केली असता अहवाल उणे २० डेसिबेल आला, तर संकेताची शक्ती गोंगाटाच्या एक शतांश आहे असे समजावे. हा आकडा शिष्टाचाराचा नव्हे. मात्र या पद्धतीत कान जवळजवळ निकामी राहतात, म्हणून नवशिक्याने तिच्यापासून सुरुवात करू नये असे मला वाटते. आधी आवाज ऐकावा, तो गोंगाटातून वेगळा काढावा, मग आकडा द्यावा.

वही पूर्णपणे टाकून द्यावी, असेही माझे म्हणणे नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारतीय हॅमांचे एक पथक अंदमानला गेले असतानाच त्सुनामी आली, आणि त्या पथकाने संदेशवहनाला मोठा हातभार लावला. अशा वेळी वीज जाते. बॅटरीवर आधी रेडिओ चालवायचा की संगणक, हा प्रश्नच उद्‌भवू नये. पेन्सिल आणि वही संचाशेजारी असावीच.

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. ज्या शाळांत परवानाधारक शिक्षक आहेत, त्यांना ७ मेगाहर्ट्‌झवर ग्रहणाच्या आधीचे काही दिवस आणि ग्रहणाच्या दिवशी, त्याच तासांच्या नोंदी करता येतील. घड्याळ जागतिक वेळेला लावावे, अहवालाच्या रकान्यात आधी भरलेला पाच-नऊ काढून टाकावा, आणि ऐकू आले असेल तेच लिहावे.