येणे, मुदत आणि योग्य वकील

सांगलीच्या बाजारपेठेतील हळदीची एक जुनी पेढी. परगावच्या एका व्यापाऱ्याकडे तिचे ६ लाख ४० हजार रुपये येणे राहिले होते. दोन्ही घराण्यांचा तीन पिढ्यांचा स्नेह. त्यामुळे मागणीचा विषय निघाला की वडील म्हणत, "थोडे थांबू या. माणूस बुडवणारा नाही." दिवाळी गेली, पाडवा गेला; आश्वासने तेवढी येत राहिली. अखेर मुलाने खतावणी उघडली, तेव्हा मुदत संपण्यास अवघे १९ दिवस उरले होते.

विकलेल्या मालाच्या रकमेसाठी दावा लावण्याची मुदत १९६३ च्या कायद्याने तीन वर्षांची आहे. उधारीचे दिवस ठरले असतील तर ते संपल्यापासून, नसतील तर माल पोचता केल्यापासून ती मोजतात. मुदतीच्या आत देणेकऱ्याने सहीनिशी बाकी कबूल केली, तर ती नव्याने सुरू होते. तोंडी आश्वासनाने मात्र ती एक दिवसही वाढत नाही.

घरचे वकील जमिनीच्या दाव्यांत निष्णात. त्यांनी तातडीने दावा दाखल करण्याची तयारी दर्शविली. पण प्रांजळपणे असेही सुचविले, की व्यापारी वसुलीची कामे नित्य करणाऱ्याला एकदा विचारावे. तो सल्लाच पेढीला तारून गेला. ३ लाख वा त्याहून अधिक रकमेच्या व्यापारी वादात, तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा अर्ज करणे बंधनकारक आहे. तो टाळून लावलेला दावा फेटाळला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. उलट, मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरला जात नाही. नव्या वकिलांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्याच आठवड्यात अर्ज केला.

असा वकील शोधावा कसा? वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. म्हणून पाटी पाहून निवड होत नाही. आपले सनदी लेखापाल, व्यापारी संघटना आणि ज्यांची वसुली खरोखर झाली असे व्यापारी, यांच्याकडे चौकशी करावी. पहिल्या भेटीत बिले, माल पोचल्याच्या पावत्या, खात्याचा उतारा व पत्रव्यवहार न्यावा. जाणता वकील आधी तारखा विचारतो. धनादेश परतला आहे का, हेही तो विचारतो. कारण बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. हुकूमनामा मिळाल्यावर दरखास्तीची कामे किती केली, हे आपण त्याला विचारावे; कारण हुकूमनामा म्हणजे हातात पडलेले पैसे नव्हेत. वसुलीतील टक्का मागणारा वकील टाळावा. नियमांना ते संमत नाही.

मध्यस्थीच्या मेजावर दोन्ही घरे समोरासमोर बसली. देणेकऱ्याने आपली अडचण मोकळेपणी सांगितली आणि आठ हप्ते ठरले. अशा सहीच्या समझोत्यास लवादाच्या निवाड्याइतकेच बळ असते. उठताना वडिलांनी त्याच्या मुलाच्या शिक्षणाची विचारपूस केली.

वेळीच वकिलाकडे जाणे म्हणजे स्नेह तोडणे नव्हे. पुष्कळदा त्यामुळेच येणे राहते आणि स्नेहही राहतो.