शीरखुर्मा एक वाटी, आग्रह अर्धी वाटी



अलीकडे रमजान थंडी सरता सरता येतो. आमच्या बारामती-इंदापूर भागात हे दिवस गळीत हंगामाचे असतात. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात आणि माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथले कारखाने रात्रंदिवस चालू असतात. इथल्या कितीतरी घरांची चूल उसावर पेटते. दिवाळीला सभासदांना सवलतीच्या दरात साखर मिळते, त्यामुळे डबा सहसा रिकामा नसतो. अशा मुलखात जळोचीसारख्या गावात बसून ‘साखर कमी खा’ असे लिहिणे अवघडच. तरीही ईद जवळ येत असताना हा विषय काढावासा वाटतो. आमचे भांडण शीरखुर्म्याशी नाही. तो वाढताना आपण जो आग्रह करतो, त्याच्याशी आहे.

ईदची बेरीज

गेल्या वर्षी ईदच्या आधी आठवीच्या वर्गात आम्ही गणिताच्या तासाला एक उदाहरण घातले. एक लिटर दुधाच्या शीरखुर्म्यात २०० ग्रॅम साखर घातली आणि त्याच्या आठ वाट्या झाल्या, तर एका वाटीत साखर किती? उत्तर सोपे आहे, २५ ग्रॅम. चहाचा चमचा पाच ग्रॅमचा धरला तर पाच चमचे. मग विचारले, ईदच्या दिवशी तुम्ही किती घरी जाता? कोणी पाच म्हणाले, कोणी दहा. पाचच घरे धरली तरी १२५ ग्रॅम झाले. एखाद्या घरी थंड पेयाची छोटी बाटली मिळते, तिच्यात वीस ग्रॅमच्या वर साखर असते. दुपारपर्यंत तीस चमच्यांच्या आसपास मजल गेली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली याबाबत मार्गदर्शन दिले आहे. वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस यांतून मिळणारी साखर मोठ्या माणसाने दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवावी आणि २५ ग्रॅमपर्यंत आणता आली तर उत्तम. म्हणजे एका वाटीतच दिवसाचा चांगला हिशेब पुरा होतो.

बेरीज मुलांना पटली. पण मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “टीचर, ना कैसे बोलना? खाला नाराज होती हैं.” गणित सोडवता येते, पण खालाची नाराजी कशी सोडवायची? खरा प्रश्न हाच आहे, आणि तो मुलांपेक्षा आपल्या घरातल्या मोठ्यांसाठी जास्त गंभीर आहे.

“ईद के दिन कुछ नहीं होता”

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या नातेवाइकांत एकालाही मधुमेह नाही, असे म्हणू शकणारे घर आता शोधावेच लागेल.

अशा घरात ईदला काय घडते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. फूफाजान येतात. वाटी पुढे येते. ते हळूच म्हणतात, “शुगर है मेरे को.” यजमान म्हणतात, “अरे, ईद के दिन कुछ नहीं होता!” दुसरीकडून आवाज येतो, “हमारे घर का नहीं खाए तो ईद कैसी?” चारचौघांत आजाराची चर्चा नको म्हणून फूफाजान वाटी संपवतात. पुढच्या घरी तेच. घरी परतल्यावर काही जण आपल्याच मनाने एक गोळी जास्त घेतात किंवा इन्सुलिनचा डोस वाढवतात. हे फार धोक्याचे आहे. गोड खाल्ल्याने वाढलेली साखर कळेपर्यंत जादा औषधाने रात्री झोपेत ती एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळलेपणा आणि कधी बेशुद्धी. प्रेमाने वाढलेली वाटी माणसाला दवाखान्यात नेऊ शकते.

आग्रह हा मेहमाननवाजीचा भाग आहे असे आपण मानतो. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याबद्दल हदीसमध्ये येते की त्यांनी कधी अन्नाला नावे ठेवली नाहीत, मनाला आले ते खाल्ले, नाही आले ते तसेच राहू दिले. यात पाहुण्याला नम्रपणे न खाण्याची मोकळीक आहे आणि यजमानाने ते मनाला लावून घेऊ नये हेही आलेच. खालाची नाराजी इथे संपायला हवी.

नावात साखर नाही

फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. या पदार्थाच्या नावात साखर कुठेच नाही. गोडवा खजुराने आणायचा, अशीच त्याची घडण आहे. साखर पुढे हाताशी आली आणि आपण सढळ झालो.

म्हणून यंदा एवढे करून पाहावे. खारीक आदल्या रात्री दुधात भिजत घालावी. दूध मंद आचेवर सावकाश आटवावे, आटलेल्या दुधाला स्वतःची गोडी येते. शेवया तुपात चांगल्या परताव्यात. बदाम, पिस्ते, चारोळी, मनुका नेहमीप्रमाणे. साखर सर्वांत शेवटी, चव पाहून आणि नेहमीच्या निम्मी. लिटरला १०० ग्रॅम साखर घालून बारा लहान वाट्या केल्या, तर वाटीत आठ ग्रॅमच्या आसपास साखर येते. मग तीन घरी जाऊन खाल्ला तरी आधीच्या एका वाटीइतकीच होते. घरच्यांना फरक जाणवला तर दोन-तीन वर्षांत थोडी थोडी कमी करावी. जिभेला सवय लागते.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. आपल्याकडे गुऱ्हाळाचा गूळ चांगला मिळतो, म्हणून “साखर नको, गूळ घाला” असे सांगितले जाते. गुळातही मुख्यतः साखरच असते. मधुमेह्याच्या रक्तात तो साखरेसारखाच वागतो. मध, उसाचा रस आणि खजुराचे लाडू यांनाही तीच गोष्ट लागू आहे. खजूर पौष्टिक आहे, पण मधुमेह्याने तो मोजूनच खावा.

तीस इफ्तारांचा हिशेब

ईद एक दिवसाची, इफ्तार महिनाभर. रोजच्या सरबताच्या ग्लासात दोन मोठे चमचे लाल अर्क गेला तर चार-पाच चमचे साखर गेली. वर जिलेबी आली तर विचारायलाच नको. एक ते तीन खजूर, साधे पाणी, मग मगरिबची नमाज आणि त्यानंतर जेवण, हा क्रम पोटालाही मानवतो. सरबताच्या जागी ताक किंवा लिंबू-मीठ-पाणी चालते. या दिवसांत जळोचीच्या बाजारात द्राक्षे, पेरू, पपई, कलिंगड भरपूर असतात. फळ कापून खावे, रस काढू नये. रस काढला की चोथा जातो आणि साखर उरते. भज्यांच्या शेजारी हरभऱ्याची उसळ ठेवावी. सहरीला ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, अंडे, दही असले तर भूक उशिरा लागते.

ज्यांना मधुमेह आहे आणि रोजे ठेवायचे आहेत, त्यांनी रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावे, गोळ्यांच्या वेळा आणि प्रमाण त्यांच्याकडूनच बदलून घ्यावे. ज्यांची भेट राहिली असेल त्यांनी आता उशीर करू नये. रोज्यात रक्तातली साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे या विषयातले तज्ज्ञ सांगतात. बोटाला सुई टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक आलिमांचे मत आहे, तेव्हा तपासायला कचरू नये. आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

दस्तरखानावरच्या चार सवयी

पहिली, वाढण्याआधी विचारावे, “कितना दूँ?” किंवा भांडे आणि डाव दस्तरखानावर ठेवून पाहुण्याला स्वतः घेऊ द्यावे. दुसरी, पाहुणा एकदा नको म्हणाला की विषय संपला. कारण विचारू नये आणि त्याच्या आजाराची चर्चा काढू नये. तिसरी, शीरखुर्म्याशेजारी भाजलेले चणे, डाळिंबाचे दाणे, दहीवडे आणि पाण्याचा तांब्या दिसेल असा ठेवावा, म्हणजे न खाणाऱ्याचा हातही रिकामा राहत नाही. चौथी मुलांसाठी. त्यांना गोड बंद करू नये, बंदी घातलेली मुले चोरून खातात. दिवसाला दोन गोड वस्तू आणि कोणत्या ते त्यांनीच निवडावे, एवढे ठरवून द्यावे. ईदी पैशांची किंवा पुस्तकाची द्यावी, चॉकलेटच्या पुड्याची नको.

शेजारधर्माचेही तसेच. दिवाळीत फराळाचे ताट आपल्या घरी येते, ईदला शेजारी शीरखुर्म्याला येतात. हे येणे-जाणे टिकलेच पाहिजे. त्यांच्याही घरी मधुमेह असतो. ताट परत पाठवताना त्यात डाळिंबे किंवा पेरू ठेवले तर ते रिकामेही जात नाही आणि सर्वांना खाता येते.

यंदाच्या ईदला फूफाजान “बस, थोडा” म्हणाले, तर थोडाच वाढावा आणि त्यांच्याजवळ बसून गप्पा माराव्यात. ते भेटायला आलेले असतात.

अल्लाह आपल्या सर्वांचे रोजे कबूल करो, आजाऱ्यांना शिफा देवो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची सावली आपल्यावर कायम ठेवो. आमीन.